जुनी मोठी एसयूव्ही घेताना पाहणी खालून वर करावी

आसनांच्या तीन ओळी असलेली मोठी एसयूव्ही नवी असताना जितकी महाग असते, तितकी जुनी झाल्यावर राहत नाही. काही वर्षांत तिची किंमत बरीच उतरते आणि एरवी परवडली नसती अशी गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटते. परंतु गाडीची किंमत उतरली म्हणून तिचे टायर, ब्रेक, गिअरबॉक्स किंवा इंधन स्वस्त होत नाही. शिवाय यांतील अनेक गाड्यांचे वजन दोन टनांहून अधिक असते आणि ते वजन प्रत्येक सांध्यावर, बुशवर (सांध्यांतील रबरी गादीवर) आणि ब्रेक डिस्कवर सतत पडत असते. त्यामुळे रंगाची चकाकी आणि आसनांचे चामडे शेवटी पाहावे व पाहणीची सुरुवात गाडीच्या खालून करावी, असे माझे ठाम मत आहे.

या वर्गातील बऱ्याच गाड्यांची बॉडी शिडीसारख्या पोलादी चासीवर बसवलेली असते. या चासीवर गंजाचा पातळ तांबूस थर असणे स्वाभाविक आहे. मात्र पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील, धातू फुगलेला दिसत असेल किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, तर पुढची पाहणी करण्याची गरज उरत नाही. मागील सस्पेन्शन जिथे चासीला जोडलेले असते ती जागा आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात, कारण चिखल व ओल तिथे साचून राहते. जुन्या गाडीच्या तळाला नुकताच काळा थर मारलेला असेल, तर तो कशावर मारला आहे हे विचारावे. चासीवर नंतर केलेले वेल्डिंग किंवा मुरड दिसल्यास मोठ्या अपघाताची शक्यता गृहीत धरावी. गाडी पुरात उभी होती का, हे जाणून घेण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गढूळ रेघ आहे का ते पाहावे, तसेच आसनांखालचे रूळ आणि गालिच्याखालचा पत्रा तपासावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहिले पाहिजे. म्हणून आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे आणि गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरी वाफ थंडीत क्षणभर दिसणे साधे आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत शिरत असण्याची शंका घ्यावी. डिझेल गाडी केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली गेली असेल, तर धुरातील काजळी अडवणारा फिल्टर तुंबलेला असू शकतो आणि तो बदलणे खर्चिक असते.

सर्वांत जास्त वेळ मी गिअरबॉक्स आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, यंत्रणेला देईन, कारण महागड्या दुरुस्त्या बहुधा इथेच दडलेल्या असतात. ऑटोमॅटिक गिअर रिव्हर्समध्ये टाकल्यावर गाडीने एखादा क्षण थांबून मग धक्क्याने पकड घेतली, अथवा मध्यम वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर ती थरथरली, तर सावध व्हावे. मध्यवर्ती डिफरन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसलेली पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची, फोर बाय फोर यंत्रणा कोरड्या पक्क्या रस्त्यावर तपासू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात व त्याचा ताण ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या भागावर) येतो. त्यासाठी माती किंवा खडीची जागा शोधून हाय (नेहमीच्या वेगाची) आणि लो (कमी वेगाची, जास्त ओढीची) या दोन्ही रेंज लावून व काढून पाहाव्यात. अनेक गाड्यांमध्ये हा भाग वर्षानुवर्षे वापरलाच जात नाही आणि नेमका गरजेच्या वेळी अडकतो. गाडी इंजिनची ताकद कायम चारही चाकांना देणारी असेल, तर चारही टायर सारख्याच मापाचे व सारखेच झिजलेले असावेत. टायरच्या कडेवरील तारीख-संकेतांकाचे चार अंक त्याचे वय सांगतात. उदाहरणार्थ, ३२२० म्हणजे २०२० सालचा ३२वा आठवडा.

मागे ओढणीचा हुक असेल, तर काय ओढले, किती वेळा ओढले आणि त्या काळात गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले, हे विचारावे. अवजड ट्रेलर ओढलेली गाडी वाईटच असते असे नाही, परंतु तिची देखभाल अधिक काटेकोर झालेली असली पाहिजे. एअर सस्पेन्शन (हवेच्या पिशव्यांवर तोललेले) असल्यास गाडी काही तास उभी ठेवून एखादा कोपरा खाली बसतो का, हे पाहावे.

तिसऱ्या ओळीत स्वतः बसून पाहावे, कारण कुटुंबासाठी गाडी घेणारे बहुतेक जण हे विसरतात. मागच्या वातानुकूलनाच्या नळ्या अनेकदा गाडीच्या खालून मागे जातात आणि गंजून गळतात; तेव्हा पुढे गार हवा येते म्हणून मागेही येत असेल, असे समजू नये.

कागदपत्रांवरील वाहन ओळख क्रमांक डॅशबोर्डवरील, दाराच्या खांबावरील आणि चासीवरील क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांत तो १७ अक्षरांचा व अंकांचा असतो. त्याच क्रमांकावरून उत्पादकाने सुरक्षेसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही गाडी होती का आणि ते काम झाले का, हे विचारता येते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषनोंदी वाचणारे उपकरण) जोडल्यावर एकही दोष दिसला नाही, तरी गाडीच्या संगणकाच्या स्वयंतपासण्या अपूर्ण दिसत असतील तर दोषनोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या असण्याची किंवा बॅटरी काढली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी काही दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन करण्याची मागणी करावी.

एवढे समाधानकारक वाटल्यास, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी आणि तो सांगेल त्या प्रत्येक दुरुस्तीचा खर्च मागितलेल्या रकमेत मिळवून मगच भाव करायला बसावे.