एसीई स्कोअर काढलात? मग या चुका टाळा

परवा रात्री साडेबाराला मैत्रिणीचा स्क्रीनशॉट आला, खाली एवढंच, "सहा आलेत गं. म्हणजे मी लवकर जाणार का?" दहा प्रश्नांची ती एसीई क्विझ (Adverse Childhood Experiences, म्हणजे बालपणीचे वाईट अनुभव), लहानपणी घरात मारहाण व्हायची का, कुणी दारू प्यायचं का, आईवडील वेगळे झाले का वगैरे, हो असेल तर एक मार्क, आणि बेरीज झाली की माणूस गूगल करत बसतो नि झोप घालवतो.

सगळ्यात मोठी चूक हीच, स्कोअर पत्रिकेतल्या मंगळासारखा वाचणं. ही क्विझ निघाली अमेरिकेत सॅन डिएगोतल्या एका अभ्यासातून, विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांचा, पहिला पेपर 1998 चा, एकूण 17 हजारांवर माणसं. चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही अनुभव नसलेल्यांपेक्षा 4 ते 12 पट निघाला. आकडा खराच आहे, पण तो हजारोंच्या गर्दीचा, तुमचा एकटीचा नाही. शिवाय मार एक वर्ष खाल्ला की दहा, तिसऱ्या वर्षी की पंधराव्या, मार्क तेवढाच. खुद्द अँडांनीच 2020 मध्ये लिहिलंय की हे मोजमाप ढोबळ आहे, एकेका माणसाचा धोका ठरवायला वापरू नका.

"आपण चांगल्या घरातले, आपल्यात असलं नसतं" हेही सोडा. त्या अभ्यासातले बरेचसे गोरे, कॉलेज शिकलेले, सगळ्यांकडे हेल्थ इन्शुरन्स, तरी तिघांतल्या जवळजवळ दोघांनी एकाला तरी हो म्हटलं होतं.

आणि क्विझ फक्त वाईट मोजते, चांगलं मोजायचं राहूनच जातं. हवाईतल्या कवाई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी 1955 ला जन्मलेली 698 मुलं पार चाळिशीपर्यंत पाहिली. गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार, असं बरंच काही एकदम वाट्याला आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही चांगली उभी राहिली आणि त्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी दिसायची, लहानपणी एखादं तरी भरवशाचं माणूस, आजी, मावशी, शिक्षक कुणीही. मी मैत्रिणीला विचारलं, तुझं कोण होतं गं? बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग, मग आलं, "शेजारच्या काकू. बाबा पिऊन आले की मला मागच्या दाराने आत घ्यायच्या, मेतकूट-भात द्यायच्या आणि पाढे म्हणून घ्यायच्या. काही विचारायच्या नाहीत." याला क्विझमध्ये मार्कच नाही!

आता तब्येतीचं. सतत भीतीत वाढलेलं शरीर सदा अलर्ट राहतं हे खरं, पण पुढचं बरंचसं नुकसान सिगरेट, दारू, बिघडलेली झोप, खाणं यांच्या वाटेने होतं, म्हणजे तिथे अजून हात घालता येतो. "माझं बालपणच तसं" म्हणून बीपी-शुगर तपासायची टाळू नका, आणि डॉक्टरांना थोडं तरी सांगा.

अजून एक, ही क्विझ घेऊन आईला जाब विचारायला बसू नका, निदान त्याच रात्री तरी नको. फार दाटून आलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, चोवीस तास. आणि बिल्डिंगमधलं एखादं पोर आत्ता मार खातंय असं दिसत असेल तर स्कोअर-बिअर राहू दे, 1098 ला, म्हणजे चाइल्ड हेल्पलाइनला, फोन लावा.