प्रतिबंध कार्यक्रमाचा आर्थिक परतावा: हिशेब कसा मांडावा आणि तो कुठे फसतो

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार असे दीर्घकालीन आजार टाळण्याच्या कार्यक्रमावर झालेला खर्च वहीत दिसतो. वाचलेला खर्च कुठेच दिसत नाही, कारण तो झालेलाच नसतो. कार्यक्रम नसता तर काय झाले असते, हा आकडा नीट बांधणे हेच या हिशेबातले खरे काम. बाकी सगळे शाळेतले अंकगणित.

आधी खिसा ठरवा. कंपनी, विमा संस्था, सरकार की अख्खा समाज, यांपैकी कोणाचा परतावा काढायचा आहे? आजार दहा वर्षांनी टळणार असेल आणि तोवर कर्मचारी नोकरी सोडून जाणार असेल, तर बचत दुसऱ्याच्या पदरात पडते. दर वर्षी किती लोक गळतात ते पाहून बचतीला तेवढी कात्री लावा. मग सूत्र: (वाचलेला खर्च − कार्यक्रमाचा खर्च) ÷ कार्यक्रमाचा खर्च. एक रुपया घालून दीड रुपया परत आला, तर परतावा 50 टक्के आणि लाभ-खर्च गुणोत्तर 1.5. हे दोन आकडे अहवालात सर्रास एकमेकांच्या जागी जाऊन बसतात, म्हणून कोणता वापरला ते लिहाच.

खर्चाच्या बाजूला प्रशिक्षकांचे पगार आणि साहित्य कोणीही धरतो. विसरली जाते ती चाळणी. जोखमीचे हजार लोक मिळवायला पाच हजारांची रक्तातील साखर तपासावी लागली, तर त्या सगळ्या तपासण्या कार्यक्रमाच्याच खात्यात येतात. कामाच्या वेळेत सत्रे घेतली तर त्या तासांचा पगारही मोजा. शिवाय चाळणीत आधीपासून आजारी असलेले, पण निदान न झालेले लोक सापडतात. त्यांचे उपचार सुरू झाले की पहिल्या वर्षी वैद्यकीय खर्च वाढलेला दिसतो. तो कार्यक्रमाचा दोष नाही, पण तो वेगळ्या ओळीत दाखवला नाही तर बैठकीत नेमका त्याच्यावरच प्रश्न येतो.

आता सर्वांत घसरडी जागा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करून बचत काढू नका. ज्यांचा खर्च गेल्या वर्षी खूप होता त्यांचा खर्च पुढच्या वर्षी बहुधा आपोआपच खाली येतो. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. अमेरिकेतल्या कॅम्डेन शहरात वारंवार रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी चाललेल्या एका कार्यक्रमाची चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. कार्यक्रमातल्या लोकांचे पुन्हा दाखल होणे बरेच घटले होते, पण चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तुलना गटातही ते तेवढेच घटले होते. तुलना गट नसता तर मोठे यश जाहीर झाले असते. ‘सहभागी’ विरुद्ध ‘न आलेले’ ही तुलनाही तितकीच फसवी, कारण जे आपणहून येतात ते मुळात जास्त निरोगी आणि जागरूक असतात. इलिनॉय विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवरच्या 2019 च्या अभ्यासात हे उघड झाले. सहभागींची इतरांशी तुलना केली तर खर्चात मोठी बचत दिसे, चिठ्ठ्यांनी पाडलेल्या गटांची केली तर ती दिसेना.

चिठ्ठ्या टाकणे शक्य असेल तर टाकाच. नसेल तर वय, आधीचा खर्च आणि जोखीम जुळवलेला गट घ्या, किंवा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सुरू करून रांगेतल्यांशी तुलना करा. तेही जमत नसेल तर प्रकाशित चाचणीतला परिणाम उचलून त्याला कात्री लावायची. प्रीडायबेटिस (साखर वाढलेली, पण अजून मधुमेहाइतकी नाही) असलेल्यांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तुलना गटातल्या दर 100 व्यक्तींमागे वर्षाला 11 जणांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाच्या गटात 4.8 जणांना. चाचणीच्या अहवालात ही घट 58 टक्के दिली आहे. पण तिथे प्रशिक्षक एकेका व्यक्तीच्या मागे लागलेले होते. प्रत्यक्षात 58 धरणे धाडसाचे. 40 टक्के, आणि तेही फक्त पुरेशी सत्रे पूर्ण करणाऱ्यांसाठी, हे गृहीतक सोसवते.

हजार लोकांचे उदाहरण घेऊ. रकमा कोणत्याही चलनात वाचा. चाळणीला 1,00,000, सत्रांना 3,00,000, कार्यालय आणि संगणकाला 1,00,000, एकूण 5,00,000. सत्रे पूर्ण करणारे 500. त्यांची वार्षिक जोखीम 100 मागे 7, घटल्यावर 4.2. पहिल्या वर्षाअखेर 14 जणांचा मधुमेह टळलेला असेल, दुसऱ्या अखेर 26, तिसऱ्या अखेर 37.

इथे हमखास चूक होते: 37 ला तीन वर्षांनी गुणून 111 ‘आजार-वर्षे’ वाचली असे लिहिले जाते. टळणे वर्षभर हळूहळू घडते, म्हणून प्रत्येक वर्षाची सुरुवात आणि अखेर यांची सरासरी घ्या: 7, 20, 32. बेरीज 59, म्हणजे जेमतेम निम्मी.

एका आजार-वर्षाचा जादा खर्च 4,000 धरला. ‘जादा’ म्हणजे त्याच वयाच्या निरोगी व्यक्तीच्या तुलनेत. नुकत्याच निदान झालेल्याचा खर्च घ्या. मूत्रपिंड निकामी झालेल्या जुन्या रुग्णांसह काढलेली सरासरी इथे फुगीर ठरते. 3 टक्के सवलत दराने (पुढच्या वर्षी वाचणारा रुपया आजच्यापेक्षा तेवढा कमी मोलाचा धरून) तीन वर्षांची बचत अनुक्रमे 28,000, 77,670 आणि 1,20,650, मिळून सुमारे 2,26,000. घातलेल्या एकामागे 0.45 परत आले. परतावा उणे 55 टक्के.

हा निकाल पाहून लगेच मुदत वाढवायचा मोह होतो. वाढवा, पण परिणामही विरू द्या. त्याच 2002 च्या चाचणीतल्या लोकांचा पुढे पाठपुरावा झाला तेव्हा घट दहा वर्षांनी 34 टक्के आणि पंधरा वर्षांनी 27 टक्के उरली होती. त्याऐवजी निवड आणि गळती या दोन कळा फिरवून पाहा. जोखीम 100 मागे 11 असलेले लोक निवडले आणि 500 ऐवजी 700 जणांनी सत्रे पूर्ण केली, तर त्याच खर्चात बचत सुमारे 4,81,000 होते, एकामागे 0.96, म्हणजे तीन वर्षांत खर्च जवळपास भरून येतो. मात्र जास्त जोखमीचे लोक शोधायला चाळणी मोठी लागते, तेव्हा 1,00,000 चा आकडाही पुन्हा काढा.

रुग्णालयाचे बिल आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम यांत फरक असतो, दुसरी घ्या. सरकारच्या खिशातून पाहत असाल तर एक भरती टळल्याने खाटेचा आणि परिचारिकेचा खर्च लगेच कमी होत नाही, औषधे आणि साहित्य तेवढे वाचते. रजेचे दिवस मोजता येतात, म्हणून धरा. ‘कामावर आहे पण काम होत नाही’ हे नुकसान लोकांनी स्वतः सांगितलेल्या आकड्यांवर उभे असते. ते वेगळ्या ओळीत ठेवा, एकूण बेरजेत मिसळू नका.

अहवालात एकच आकडा देऊ नका. वार्षिक जोखीम, सत्रे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, परिणाम, जादा खर्च आणि सवलत दर हे पाच आकडे एकेक करून वर-खाली हलवा आणि कोणत्या बदलाने परताव्याचे चिन्ह उलटते ते दाखवा. उंबरठाही लिहा: पहिल्या उदाहरणात माणशी खर्च 226 पर्यंत उतरला तरच तीन वर्षांत तोंडमिळवणी होते. आणि निकाल उणे आला तर तो तसाच छापा. पैसे न वाचवणारा उपायही माफक दरात निरोगी वर्षे देत असेल, तर त्याचा हिशेब ‘एका निरोगी वर्षाला किती खर्च’ असा वेगळा मांडता येतो. इतर उपचारांना आपण हेच माप लावतो. त्यांनी स्वतःचा खर्च भरून काढावा अशी अट कोणी घालत नाही.