४० मीटरचा डायपोल बांधताना: आडवा-उभा सोडा, उंची बघा

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या २ मीटर बँडवर हँडी (हातातला रेडिओ) सरळ धरली की रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा पाठवणारं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो आणि आडवी केली की खरखर सुरू होते. रिपीटरचा अँटेना उभा असतो. आपला आडवा झाला तर मोकळ्या जागेत सिग्नल २० डेसिबल, म्हणजे शंभर पटींनीसुद्धा पडू शकतो. हे अनुभवलेला नवा हॅम ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) आला आणि डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांचा अँटेना, बांधू लागला की पहिला प्रश्न हाच विचारतो: समोरच्याची तार आडवी आहे की उभी?

इथे ती काळजी नको. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २५०-३०० किलोमीटरवरच्या, आयनोस्फिअर या विद्युतभारित वातावरणातल्या एफ थरातून परतते. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे तिथे तिचे दोन भाग होतात, दोघांचा वेग वेगळा. खाली येईपर्यंत ध्रुवीकरण, म्हणजे लहरीचं आडवं-उभेपण, फिरलेलं असतं आणि फिरतच राहतं. आवाज चढतो-उतरतो, त्याचं हेही एक कारण.

मग तार आडवी का? कमी उंचीवरची आडवी तार बरीचशी ऊर्जा थेट डोक्यावर फेकते. पुण्याहून नाशिक-कोल्हापूर गाठायला तेच हवं.

तांब्याच्या तारेचे १०.३ मीटरचे दोन तुकडे घ्या. मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा इन्सुलेटर म्हणून चालतो. एका तारेला ५० ओहम कोॲक्स केबलचा गाभा, दुसरीला तिची जाळी डाख देऊन (सोल्डर करून) जोडा. सांध्यात पाणी शिरणार नाही असं बंद करा, कारण पहिल्या पावसात बिघाड होतो तो इथेच. मधला भाग ८ मीटरच्या खांबावर चढवा, दोन्ही टोकं नायलॉन दोरीने खाली ताणा. तारांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. टोकांवर ट्रान्समिट करताना मोठा व्होल्टेज असतो, ती हाताला लागतील इतकी खाली आणू नका. वीजवाहिनीच्या जवळपास तर बांधूच नका.

आता एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा) मोजा. सर्वांत कमी आकडा ६.९ मेगाहर्ट्झवर आला आणि तुम्हाला ७.१ हवंय, तर दर १०० किलोहर्ट्झला प्रत्येक बाजूची साधारण १५ सेंटीमीटर तार कमी करायची. लगेच कापू नका. टोक मागे दुमडून तारेवरच गुंडाळा आणि पुन्हा मोजा.

रात्री नाशिक गायब होऊन दिल्ली जोरात येऊ लागली तर अँटेनाला हात लावू नका. थर विरळ झाला की सरळ वर गेलेली लहर परतत नाही, तिरकी गेलेली परतते. नाशिकला सकाळी हाक मारा.