मशीनवर ठेवायचं की नाही ते आधीच लिहून ठेवा, गोव्यात लिव्हिंग विल कसं करायचं

आमचे काका फोंड्याला राहायचे, एक मुलगा आखातात, एक बोटीवर. स्ट्रोक आला आणि अठरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर रोज विचारायचे पुढे काय करायचं, काकी म्हणायची मुलांना विचारा, मुलगे म्हणायचे आईला विचारा, आणि काकांना काय हवं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं कारण आम्ही कधी विचारलंच नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

मशीन वाईट असं मी अजिबात म्हणत नाही हां. पेसमेकर बसवल्यापासून माझी आई पायी देवळात जाते, किडनी गेलेली माणसं डायलिसिसवर राहून नोकरी करतात. पण न्यूमोनियातून माणसाला परत आणणारा तोच व्हेंटिलेटर, परत येण्याची आशा संपली तरी श्वास चालूच ठेवतो, आणि मग ठरवायचं ओझं घरच्यांच्या डोक्यावर येतं.

त्यासाठी लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलायच्या स्थितीत नसलो तर कुठले उपचार हवे, कुठले नको ते आधीच लिहून ठेवलेला कागद. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून फारसं कोणी त्या वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो. आपल्या गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः केलं, मला त्यामुळेच धीर आला.

पहिलं काम कागदाचं नाही, बोलण्याचं. चवथीला सगळे घरी असतात, आरती-जेवण झाल्यावर सोप्यावर बसून विषय काढा. "अशुभ बोलू नको" असं कोणीतरी म्हणणारच, म्हणू दे. आईबाबांना सरळ विचारा, बरं व्हायची आशा नसेल तर गळ्यात नळी घालून ठेवलेलं चालेल का, नाकातल्या नळीने जेवण चालेल का, डायलिसिस, हृदय थांबलं तर छाती दाबून परत सुरू करणं, एकेक वेगळं विचारा कारण उत्तरं वेगवेगळी येतात. माझी आई डायलिसिसला हो म्हणाली आणि व्हेंटिलेटरला नको. नंतर फॅमिली डॉक्टरकडे घेऊन जा, कुठल्या उपचाराने नेमकं काय होतं ते त्यांच्याकडून समजून घ्या.

मग लिहायचं. साध्या भाषेत, कधी कुठले उपचार थांबवायचे किंवा सुरूच करायचे नाहीत ते स्पष्ट. वेळ आल्यावर तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं घाला, एकापेक्षा जास्त द्या, आणि त्यातलं एक तरी माणूस गोव्यातच राहणारं असू दे. दोन साक्षीदारांसमोर सही, साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, मग नोटरी. घर-भाटाच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही, दोन्ही एकाच कागदावर घालू नका, वाटण्यांच्या भांडणात हे हरवेल.

लोकांना भीती असते की कागद बघून डॉक्टर लगेच प्लग काढतील. तसं होत नाही. आजार बरा न होणारा असला पाहिजे, तुम्ही स्वतः बोलायच्या स्थितीत नसला पाहिजे, मग हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड बघतं, त्यानंतर दुसरं बोर्ड, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि तुम्ही नाव दिलेल्या माणसांची संमती लागतेच. दुखणं कमी करणारी औषधं चालूच राहतात. आणि शुद्धीत आहात तोवर कागद कधीही बदला, रद्द करा, फक्त तेही लेखी करा.

कॉपी फॅमिली डॉक्टरला द्या, पंचायत किंवा नगरपालिकेतही द्यायची सोय कोर्टाने सांगितलीय. घरात कपाटात कुलूप लावून ठेवू नका, मेडिकल फाईललाच लावा, कारण रात्री दोन वाजता १०८ आली की तीच फाईल हातात घेतली जाते. बोटीवरच्या मुलाला फोटो आजच पाठवा, त्याला रेंज मिळेल तेव्हा तो वाचेल.