काँट्रॅक्टर लायसन्स रिन्यू करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरं बांधणारे आपले बरेच काँट्रॅक्टर पीडब्ल्यूडीचं (सार्वजनिक बांधकाम खात्याचं) रजिस्ट्रेशन, म्हणजेच काँट्रॅक्टर लायसन्सपण करून ठेवतात, म्हणजे घरांच्या कामासोबत सरकारी टेंडर भरता येतंय. रिन्यूअल आलं की फी भरली की झालं असं वाटतं, पण अर्ज अडकतो तो फीवरून नाही, नावावरून आणि मुदत संपलेल्या दुसऱ्याच कुठल्यातरी कागदावरून. म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आधी नाव बघा. आधारवर पूर्ण नाव, पॅनवर इनिशियल, बँकेत तिसरंच, त्यात कन्नडमधून इंग्लिशमध्ये जाताना स्पेलिंग बदलतंय ते वेगळंच. पत्त्याचंही तसंच, 1 नोव्हेंबर 2014 ला बेलगामचं बेळगावी झालं पण जुन्या पार्टनरशिप डीडवर अजून बेलगामच आहे. दरवेळी ॲफिडेव्हिटवर निभावेल असं धरून चालू नका, आधार-पॅन एकसारखं करून घ्या आणि आधारला लिंक असलेला मोबाईल नंबर चालू आहे का तेपण बघा, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातोय.

डिजिटल सिग्नेचरची (ऑनलाइन सहीची) मुदत लायसन्सपेक्षा वेगळी असते हे बरेच जण विसरतात. टोकन (ती सही असलेला पेनड्राइव्हसारखा यूएसबी) लावलं, नाव दिसतंय, पण सही होत नाही, तेव्हा पहिल्यांदा एक्सपायरी बघा. पिन आठवत नसेल तर अंदाजाने मारत बसू नका, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन लॉक होतं.

सगळ्यात जास्त जीव जातो तो जीएसटीत. खानापूरकडं पावसाळ्यात कामं बंद असतात, बिल नाही म्हणून रिटर्नपण भरत नाहीत, पण काम नसलं तरी निल रिटर्न भरावंच लागतं. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची सलग सहा महिन्यांची रिटर्न्स राहिली की जीएसटी नंबर कॅन्सल होऊ शकतो. झालाच तर ऑर्डर मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत, राहिलेली रिटर्न्स लेट फीसकट भरून, तो परत चालू करायचा अर्ज टाका. आणि चंदगड-गडहिंग्लजला कामं करणाऱ्यांकडं दोन नंबर असतात, 29 ने सुरू होणारा कर्नाटकाचा, 27 वाला महाराष्ट्राचा, जोडताना चुकीचं सर्टिफिकेट जातंय, तेवढं बघून घ्या.

खजाने-2 वर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन ट्रेझरीवर, फीचं चलन काढताना डिपार्टमेंट आणि ऑफिस नीट निवडा, चुकलं तर पैसे दुसऱ्याच खात्यात जमा होतात आणि परत मिळवायला हेलपाटे. पैसे कापले पण अर्जात दिसत नाहीत? लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी चलन नंबर टाकून स्टेटस बघा.

बाप-लेकाची दोघांचीच पार्टनरशिप असेल आणि वडील गेले, तर ती फर्म तिथंच संपते. जुन्याच डीडवर रिन्यूअल टाकून उपयोग नाही, उलट नंतर टेंडरच्या वेळी अंगावर येतं. अशावेळी सीएला आणि पीडब्ल्यूडी ऑफिसला आधी भेटा, नव्या नावाने रजिस्ट्रेशन लागेल का विचारा.

फॉर्म सायबरवाल्याकडून भरून घेत असाल आणि कन्नड वाचता येत नसेल तर सबमिट करायच्या आधी प्रत्येक रकाना वाचून दाखवायला सांगा, नाव, काँट्रॅक्टरचा क्लास, पत्ता, पॅन. त्याला घाई असली तरी थांबवा, आणि सबमिट झाल्यावर अर्जाची पावती व चलन दोन्हीची प्रिंट हातात घेऊनच उठा.