गावातून गल्फला: आधी फाईल, मग अवजारांची पेटी

वायरमन, प्लंबर, वेल्डर, गवंडी म्हणून आखाती देशात जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा पैशाची होते. कागद सगळ्यात शेवटी निघतात, तेही मुंबईच्या गाडीचं तिकीट काढल्यावर. क्रम उलटा ठेवा. कागद पुरे होईपर्यंत कोणाला रुपया देऊ नका. आणि वावर गहाण टाकून तर अजिबात देऊ नका, कारण पुढे दिसेल की कायद्याने लागणारा खर्च तेवढा नसतोच.

पासपोर्ट आणि ईसीआर

विदर्भाचं क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. काही जिल्ह्यांच्या ठिकाणी पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र असतं, म्हणून ऑनलाइन अर्ज भरताना जवळचं केंद्र निवडा. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला २००० जास्त. अडतं ते नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर ‘गजानन’, आधारवर ‘गजाननराव’, सनदेवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज करा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलं तर दुबईच्या व्हिजिट व्हिसाला अडचण येते. पोलीस तपासणीसाठी सध्या जिथे राहता तोच पत्ता द्या. पत्ता गावचा आणि माणूस पुण्याच्या खोलीत, असं झालं की अहवाल उलटा जातो.

दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ‘ईसीआर’ छापून येतं. म्हणजे सौदी, संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया धरून १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. दहावीची सनद असेल तर ती अर्जासोबत जोडा; मग पासपोर्टवर ईसीआर येत नाही. पासपोर्ट आधीच ईसीआरचा निघाला असेल आणि दहावी नंतर झाली असेल, तर सनद लावून नवा पासपोर्ट मागता येतो. आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले आणि एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीची (व्यावसायिक प्रशिक्षणाची केंद्राची किंवा राज्याची परिषद) मान्यता असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा केलेले यांनाही ही मंजुरी लागत नाही. आठवीनंतर वायरमनची दोन वर्षांची आयटीआय केलेल्या पोराने हे लक्षात ठेवावं.

ईसीआर असणं वाईट नाही. ती मंजुरी देताना मालक, करार आणि विमा तपासला जातो. दहावी पास माणसाकडे हे कोणी बघत नाही, म्हणून तोच जास्त फसतो.

एजंट

ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर परवाना असलेल्या एजंटांची यादी आहे. नाव आणि परवाना क्रमांक टाकून परवाना चालू आहे की संपलाय की निलंबित आहे, ते बघा. गावात फिरणारा ‘आपला माणूस’ त्या यादीत नसतो; तो कमिशनवर काम करतो आणि अडचण आली की त्याचा फोन लागत नाही. परवानाधारक एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. तेही बँकेतून द्या आणि पावती घ्या. दीड-दोन लाख मागणारा माणूस कायद्याबाहेर मागतोय.

‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे पक्का करून देतो’ हे वाक्य ऐकलं की उठून यायचं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायला तुमच्याकडे करारच नसतो. शंका आली तर प्रवासी कामगारांच्या मदतीचा भारतातला मोफत क्रमांक १८००-११-३०९० आहे.

करारात आकडा बघताना एकूण पगार नका बघू, मूळ पगार बघा. अमिरातीत आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा धरतात. जादा कामाला मूळ पगाराच्या हिशोबाने २५ टक्के अधिक, रात्री १० ते पहाटे ४ या वेळेला ५० टक्के अधिक. मूळ पगार १२०० दिरहम (अमिरातीचं चलन) असेल तर दिवसाचे ४० आणि तासाचे ५ दिरहम झाले. जादा तासाला सव्वासहा. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३२५ दिरहम. तोच एकूण पगार ठेवून मूळ ८०० आणि बाकी भत्ते असं लिहिलं की जादा कामाचा दरही पडतो आणि शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटीही. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला मूळ पगाराच्या २१ दिवसांची असते. १२०० ला ८४० दिरहम, ८०० ला फक्त ५६०. अमिरातीचं ऑफर लेटर अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं, मागून घ्या. मराठीत मिळत नाही.

प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा ईसीआरवाल्यांना सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण मिळतं. ईसीआर नसलेल्यानेही ई-मायग्रेटवर स्वतःची नोंद करून ठेवावी.

वैद्यकीय तपासणीची वेळ ‘वाफिद’ या आखाती देशांच्या तपासणीच्या संकेतस्थळावरून घ्यावी लागते. इथे एक गोष्ट बरेच जण पैसे गेल्यावर शिकतात: पूर्वी क्षयरोग झाला असेल आणि पूर्ण बरा झाला असेल तरी छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की ‘अनफिट’चा शिक्का बसतो. त्यामुळे सगळ्यात आधी तालुक्यालाच साधा एक्स-रे काढा. डाग निघाला तर पुढचा खर्च वाचला. सौदीला जाणाऱ्या कुशल कामगाराला त्याच्या ट्रेडची कौशल्य चाचणीही द्यावी लागते. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी तारीख आणि केंद्र लेखी मागा.

मागे राहिलेलं घर

जाण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडे बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र नोंदवा. पीककर्ज, विम्याचा दावा, सातबाऱ्यावरची नोंद, सगळ्याला सही लागते. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ (अनिवाशाचं इथल्या पैशाचं खातं) करा आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं) खातं उघडा. आयकराच्या दृष्टीने अनिवासी ठरलात की पीएम-किसानचे हप्ते तुमच्या नावावर घेता येत नाहीत. घेतले तर वसुली निघू शकते. तुमच्या नावावरचं वावर तुमचंच राहतं, पण अनिवासी असताना नवीन शेतजमीन स्वतःच्या नावे विकत घेता येत नाही.

बॅग भरताना आईला सांगा की अनारशांवर खसखस नको. अमिरात, सौदी, कतारमध्ये खसखस अमली पदार्थांत धरतात, मग ती कितीही थोडी असो. खर्रा आणि पान तर घरीच ठेवा. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकटही अडकवतात, आधी त्या देशाची परवानगी लागते.

अवजारं

इथे बहुतेक जण चुकीच्या बाजूने पैसे घालतात. नागपूरच्या बाजारातून ड्रिल आणि ग्राइंडर घेऊन विमानात नेण्यात अर्थ नाही. मशीन कंपनी देते. स्वतःचं मशीन साइटवर आणलं तरी तपासणीचा रंगीत टॅग नसेल तर सुरक्षा अधिकारी बाहेर काढतो. न्यायची ती हाताची अवजारं, ज्यांची पकड बसलेली आहे: गवंड्याची थापी आणि ओळंबा, सुताराचा गुण्या, वायरमनची पक्कड, दोन-चार स्क्रू-ड्रायव्हर, चांगली टेप. सगळं चेक-इन सामानात, धार कापडात गुंडाळून. हातातल्या बॅगेत साधा पाना निघाला तरी तो विमानतळावर राहतो.

बॅटरीचं मशीन न्यायचंच असेल तर नियम उलटा आहे. मशीन चेक-इनला, सुटी बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॅट-अवरची, ती चालते. ६ अँपिअर-अवरची १०८ होते. १०० च्या पुढे विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वर नेताच येत नाही.

टेपवर एका बाजूला मिलिमीटर हवेतच. आपल्याकडे मिस्त्री सुतात बोलतो. तिथलं ड्रॉइंग पूर्ण मिलिमीटरमध्ये असतं. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच, ३.१७५ मिलिमीटर. ‘तीन सूत’ मनात साडेनऊ मिलिमीटर व्हायला हवं. नळवाल्याने हे धरावं की आपला अर्धा इंच म्हणजे ड्रॉइंगवरचा १५ मिलिमीटर, आणि पीपीआर पाइप असेल तर बाहेरून २० मिलिमीटर.

वायरमनसाठी खरा धोका रंगांचा आहे. आपल्या सवयीत लाल-पिवळा-निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल. तिथल्या नव्या वायरिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल असतो. जुन्या इमारतीत मात्र आपल्यासारखेच रंग सापडतात. एकाच पॅनलमध्ये दोन्ही पद्धती भेटल्या की काळी वायर न्यूट्रल समजून हात लावणारा मरतो. रंगावर जाऊ नका, मोजून बघा. निऑनचा खिशातला टेस्टर या कामाचा नाही. दोन टोकांचा टेस्टर किंवा कॅट-३, ६०० व्होल्ट लिहिलेला मल्टिमीटर लागतो.

सॉकेट तिथे चौकोनी तीन पिनांचं असतं. पिनमध्येच फ्यूज असतो, मोठ्यात मोठा १३ अँपिअरचा. आपली गोल पिन बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडायची आणि दोन पिना दाबायच्या, हा प्रकार लेबर कॅम्पमध्ये सर्रास चालतो. त्यात अर्थिंग नाही, फ्यूज नाही, आणि ढिल्या जागेवर ठिणगी पडत राहते. खोलीला आग लागण्याची ही सोपी रीत आहे. पिनच बदला.

दाब सगळीकडे साधारण २२०–२४० व्होल्ट आहे. सौदीत फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ६० हर्ट्झ आहे आणि जुन्या घरांत १२७ व्होल्टही सापडतात. कार्बन ब्रशवाल्या ड्रिल-ग्राइंडरला ५० काय नि ६० काय. इंडक्शन मोटरचा पंप किंवा बेंच ग्राइंडर मात्र ६० हर्ट्झवर २० टक्के जोरात फिरतो, म्हणून त्याची पाटी वाचल्याशिवाय लावू नका.

ग्राइंडरची चकती हा वेगळा विषय आहे. आपल्याकडचा चार इंची ग्राइंडर १०० मिलिमीटरची चकती आणि १६ मिलिमीटरचं भोक घेतो. तिथे ११५ किंवा १२५ मिलिमीटरच्या चकत्या चालतात, भोक २२.२३ मिलिमीटरचं. दोन्हींचं मिसळत नाही, आणि मिसळायला गेलं की गार्ड काढला जातो. चकतीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात: १२५ मिलिमीटरला मिनिटाला १२,२००, तर २३० मिलिमीटरच्या मोठ्या चकतीला फक्त ६,६००. मोठी झिजलेली चकती छोट्या मशीनला लावली की ती ११,००० फेऱ्यांवर फिरते आणि फुटते. तुकडे गार्ड नसलेल्या बाजूने येतात, म्हणजे तोंडाकडे.

एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेलं ठेवून २००० वॅटचं मशीन लावलं, म्हणजे जवळपास ९ अँपिअर ओढले, की आतलं वेटोळं तापून वायरचं प्लॅस्टिक वितळतं.

उन्हाचा नियमही पाठ असू द्या. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३, सौदीत याच काळात १२ ते ३, आणि कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते ३:३० उघड्यावर काम बंद असतं. चंद्रपूरचा मे काढलाय म्हणून कोणी हसू नये. तिथे किनाऱ्याला दमट उकाडा असतो, घाम वाळत नाही आणि माणूस आतून तापतो.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. त्याची आणि कराराची फोटोकॉपी घरी एक, मोबाइलमध्ये एक ठेवा. अमिरातीत भारतीयांचं मदत केंद्र ८००-४६३४२ वर मोफत बोलतं.

परतताना गावासाठी मशीन घ्यायचं असेल तर जुन्या बाजारात पिवळ्या पिनचं स्वस्त ड्रिल दिसेल. ते ११० व्होल्टचं असतं, मोठ्या साइटवर ट्रान्सफॉर्मरवरून चालवायचं. गावात थेट २३० ला लावलं की पहिल्याच दाबात जळतं. पाटीवर २२०–२४० व्होल्ट असेल तेच घ्या. बॅटरीचं घेत असाल तर भारतात जिची बॅटरी आणि चार्जर मिळतो तीच १८ व्होल्टची मालिका धरा. वावरात वीज पाळीने येते आणि संध्याकाळी दाब पडतो, तिथे चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या वायरच्या मशीनपेक्षा जास्त कामाच्या.