एक भांडण, चार फायली: कौटुंबिक वाद आणि फौजदारी गुन्हा वेगवेगळे कसे समजून घ्यावेत

लग्नातले भांडण न्यायालयात गेले की घरातली माणसे "केस चालू आहे" असे एकवचनात सांगतात. प्रत्यक्षात त्याच भांडणातून घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि पोलिसांकडची फिर्याद अशी तीन-चार प्रकरणे उभी राहिलेली असतात. प्रत्येकाचे न्यायालय, पुराव्याचे माप आणि शेवट निराळे असल्यामुळे वकिलाकडे जाण्यापूर्वी हातातला कागद कोणत्या प्रकरणाचा आहे, हे ओळखता यायला हवे.

त्यासाठी कागदाचा माथा वाचावा. तिथे एक जोडीदार अर्जदार आणि दुसरा जाबदेणार असेल, तर तो दोघांमधला वाद आहे. "महाराष्ट्र शासन विरुद्ध" अशी सुरुवात असेल किंवा क्रमांकाआधी आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) लिहिले असेल, तर तो फौजदारी खटला आहे. त्यात पत्नी पक्षकार नसून फिर्यादी आणि साक्षीदार असते आणि खटला सरकारी वकील चालवतात. "तिने केस मागे घेतली की संपले" हा समज इथेच चुकतो, कारण जी केस शासनाची आहे ती तिला एकटीला मागे घेता येत नाही.

फौजदारी कायदा मुख्यतः केंद्राचा असून पोलीस यंत्रणा राज्याची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि सर्वांच्या तोंडी असलेले कलम ४९८-अ आता कलम ८५ व ८६ मध्ये विभागले गेले. घटना त्या तारखेआधीची असेल, तर फिर्याद नंतर दिली तरी गुन्ह्याचे कलम जुनेच लागते. म्हणून कागदावर ४९८-अ दिसले की कारकुनाची चूक समजू नये. विवाहविषयक कायदा मात्र बहुतेक राज्यांत धर्मानुसार बदलतो, आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा विवाह व दांपत्याच्या मालमत्तेला लागू असल्याने तिथले घटस्फोटाचे गणित वेगळे पडते, फौजदारी कलमे मात्र तीच राहतात.

सर्वांत जास्त घोटाळा "क्रूरता" या शब्दाने होतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ खाली क्रूरता हे घटस्फोटाचे कारण आहे. तिथे न्यायालय कोणाची बाजू अधिक संभाव्य वाटते एवढेच तोलते, आणि सततचा अपमान किंवा खोटे आरोपही त्या तराजूत येऊ शकतात. न्याय संहितेच्या कलम ८६ मधली क्रूरता याहून अरुंद आहे. स्त्रीला आत्महत्येकडे ढकलील किंवा तिच्या जिवाला, शरीराला अथवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचवील असे बुद्धिपुरस्सर वर्तन, किंवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेला छळ, एवढेच त्यात बसते आणि ते वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. त्यामुळे फौजदारीत पती निर्दोष सुटला म्हणजे पत्नीचा घटस्फोटाचा दावा आपोआप पडत नाही, आणि संशयाचा फायदा मिळून सुटणे म्हणजे फिर्याद खोटी ठरणेही नव्हे. दोन्ही बाजूंचे नातेवाईक हा फरक मानायला तयार नसतात, असे माझे निरीक्षण आहे.

फिर्याद देणाऱ्या स्त्रीने तारीख, जागा, कोण काय बोलले, कोणी काय केले आणि तेव्हा कोण हजर होते, हे क्रमाने लिहून न्यावे. "सासरच्या सर्वांनी छळ केला" अशा मोघम वाक्याने फिर्याद बळकट होत नाही, उलट कमकुवत होते. दूर राहणाऱ्या नणंदा-दिरांवरचे असे सरसकट आरोप सर्वोच्च न्यायालयाने वारंवार रद्द केले आहेत. फिर्याद सासरच्या गावीच द्यावी लागते असे नाही. छळामुळे घर सोडून ती जिथे आश्रयाला आली, तिथल्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो, हे २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट झाले. हद्दीचे कारण देऊन परत पाठवू लागले, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खालील शून्य क्रमांकाची नोंद (झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली नोंद) मागावी. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि तरीही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि १८१ हे क्रमांक आहेत.

पोलिसांच्या महिला कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये आधी समुपदेशनासाठी बोलावतात. ते उपयोगी ठरू शकते, पण तिथे केलेला अर्ज म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला त्याने दोन गोष्टी टाळाव्यात: पळून जाणे, आणि पत्नीला किंवा तिच्या माहेरी फोन करून "मिटवण्याचा" प्रयत्न करणे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असला तरी अटक आपोआप होत नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी याची कारणे पोलिसांना लिहावी लागतात, एरवी हजर राहण्याची नोटीस दिली जाते. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली निघते. नोटिशीला ठरल्या वेळी हजर राहावे आणि पोच जपावी. अटकेची भीती खरी असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. फोनमधले संदेश पुसू नयेत. स्त्रीधन मागितले असेल तर यादी करून, पंचांसमक्ष किंवा पोलिसांमार्फत, सही घेऊन परत द्यावे, कारण ते अडवून ठेवल्यास विश्वासघाताचा स्वतंत्र गुन्हा अंगावर येतो.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ हा या सगळ्यातला सर्वाधिक गैरसमजाचा धनी आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो, समन्स पोलीसही आणून देतात, म्हणून लोक त्याला फौजदारी समजतात. पण त्यातून मिळणारे संरक्षण, सामायिक घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम किंवा मुलांचा तात्पुरता ताबा हे सर्व दिवाणी स्वरूपाचे आहे आणि जाबदेणार हा आरोपी नसतो. तो आरोपी होतो तो संरक्षण आदेश मोडल्यावर: कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश अन्यायकारक वाटला तर तो मोडू नये, सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पोटगी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, हिंदू विवाह अधिनियमाखाली आणि हिंसाचार कायद्याखाली अशी तिन्हीकडे मागता येते, पण तिन्हीकडची रक्कम एकावर एक चढत नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार आधीच्या आदेशाची माहिती द्यावी लागते आणि पुढचे न्यायालय ती रक्कम जमेस धरते. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र द्यायचे असते. अनेक प्रकरणे याच कागदावर जिंकली किंवा हरली जातात, म्हणून पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे आधीच गोळा करावेत. थकवलेल्या पोटगीसाठी दर महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंत तुरुंग होऊ शकतो, पण तो भोगल्याने थकबाकी फिटत नाही. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो.

मुलाचा ताबा फौजदारी आरोपावरून ठरत नाही, बालकाच्या हितावरून ठरतो. पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते.

तडजोड झाली तर एका फायलीवर सही करून बाकीच्या विसरू नयेत. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. नंतरची सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने ठरवले. संमतीपत्रात प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक आणि न्यायालय लिहून पोटगीचा अर्ज आणि हिंसाचाराचा अर्ज कोण कधी काढून घेणार, हे नमूद करावे. कलम ८५ चा खटला मात्र उच्च न्यायालयातच, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली, रद्द करून घ्यावा लागतो आणि पत्नीचे संमतीचे शपथपत्र तिथे लागते. म्हणूनच व्यवहारात ठरलेल्या रकमेचा शेवटचा हप्ता बऱ्याचदा त्या सुनावणीच्या दिवसासाठी राखून ठेवतात. उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की ती खालच्या न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन द्यावी, नाहीतर पुढच्या नोकरीच्या वा पारपत्राच्या पडताळणीत तो जुना गुन्हा प्रलंबित म्हणूनच दिसत राहतो.